येसराला लागलेला हात

"कांदा परत जाड चिरलाय. आमटीचा कांदा येगळा, भाजीचा कांदा येगळा, किती येळा सांगायचं? कामात जीवच न्हाई, दुसरं काय."

श्रीशैल पुटपुटत होता. रोहिणी त्याच्या पाठीशीच डब्यांची झाकणं पुसत बसली होती. पुटपुटणं तिला ऐकू जावं असंच होतं, आणि तिनं ऐकलं नाही असं दाखवावं, असंही होतं. संसारात अशी अर्ध्या आवाजातली भाषा असतेच. नवरा स्वयंपाकाला नावं ठेवतो, बायको भांडी जरा जोरात आपटते. अंबाजोगाईच्या त्या गल्लीत सकाळच्या वेळी घरोघर हेच चाललेलं असणार. फरक एवढाच, की इथं नावं ठेवणाऱ्याच्याच हातात उलथनं होतं.

"शिजल्यावर कोण बघतंय कांदा?" रोहिणी म्हणाली.

"जीभ बघती."

यावर तिला उत्तर सुचलं असतं, पण तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासूबाई खोकल्या. शांतादेवींना दमा होता, त्यामुळं त्यांचे खोकले दोन जातींचे. एक दम्याचा, आणि एक कामाचा. हा कामाचा होता. पाठोपाठ खणखणीत आवाज आला, "रोहिणेऽ, डाळ लागंल गं, खाली उतरव!"

म्हणजे दारात कुणीतरी आलं होतं.

श्रीशैलनं उलथनं कढईत ठेवलं, पंच्याला हात पुसले, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत खाली ओढून गुंड्या लावल्या, खुंटीवरचा पेपर काखेत मारला आणि मागच्या दारानं बोळात उतरला. आता बोळातून वळसा घालून तो पुढच्या दारानं येणार, चपला काढताना "आज ऊन लई हाय," म्हणणार. रोहिणी उठली, पदर खोचला आणि उलथनं हातात घेतलं. हे सगळं इतकं सरावाचं झालं होतं की गाण्यात जशी टाळी पडावी तसं पडायचं.

असा नियम घरात कुणी केला नव्हता. तो आपोआप झाला होता.

मंडी बाजारात सासरे धोंडप्पांचं, म्हणजे घरातल्या आप्पांचं, कापडाचं दुकान होतं. पाटीवर 'धोंडप्पा अँड सन' असं लिहिलेलं. सन म्हणजे श्रीशैल. मग समोर काचेचं रेडिमेडचं दुकान आलं. आत उभ्या बाहुल्या, त्यांच्या अंगात जीन्स. केबलवर पोरं रात्री जे बघायची ते सकाळी येऊन मागायची. पँटपीस घेऊन शिंप्याच्या दारात कोण हेलपाटे घालणार? धोंडप्पांचं दुकान एका दिवसात बंद पडलं नाही. आधी गिऱ्हाईक गादीवर बसेनासं झालं, मग उभ्याउभ्याच विचारायला लागलं, मग रस्त्यावरूनच "काय शेटजी, बरं हाय का?" म्हणून पुढं जायला लागलं. ज्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं त्या दिवशी कुणी रडलं नाही. धोंडप्पा येईल-जाईल त्याला सांगत राहिले, "श्रीशैल नव्या धंद्याचं बघायलाय."

नवा धंदा रोहिणीनं बघितला. मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवरच्या पोरांना डबे द्यायला तिनं सुरुवात केली. पहिले काही दिवस डबे अर्धे भरलेलेच परत यायचे. पोरं डॉक्टर होणारी, पोटाला काय झेपतं ते त्यांना कळत होतं. मग एकदा तिला ताप आला. श्रीशैल काही न बोलता शेगडीपुढं उभा राहिला, आणि त्या दिवशी डबे धुतल्यासारखे रिकामे परत आले. "मावशी, आज काय हात लागलाय तुमचा!" होस्टेलच्या फाटकात एक पोरगा म्हणाला. रोहिणीनं तोंड उघडलं होतं. पण 'मावशी' आणि 'तुमचा' हे दोन शब्द इतक्या दिवसांनी कानाला इतके गोड लागले, की ती म्हणाली, "आवडलं ना? मग झालं."

खरं म्हणजे तिला स्वतःलाच नवल वाटलं होतं. एवढी वर्षं संसार केला, ह्या माणसाला चहासुद्धा करताना पाहिलं नव्हतं. मग शांतादेवींनीच एकदा, वाती वळता वळता, तिच्याकडं न बघता सांगितलं. श्रीशैल लहान असताना चुलीच्या धुरानं त्यांना धाप लागायची. लेक नाही, जाऊ नाही. त्या उंबऱ्याबाहेर बसायच्या आणि आत पोराला सांगायच्या, आता मोहरी टाक, आता वास घे, आता उतरव. धोंडप्पा दुकानावरून जेवायला यायचे तेव्हा ताट वाढलेलं असायचं आणि पोरगं अंगणात गोट्या खेळत असायचं. "शाळेत कुणाला सांगू नगं म्हणलं होतं मी त्याला," शांतादेवी म्हणाल्या. "त्यानं सांगितलं न्हाई. लई शानं पोर." आणि वातीची गाठ सोडवत बसल्या. त्या वातीला गाठ नव्हती.

तर असं होतं. श्रीशैल रांधायचा, रोहिणी लुनावरून डबे पोचवायची, भाजी आणायची, पोरांशी हुज्जत घालायची. गावात नाव झालं. लोक म्हणायचे, नवऱ्याचं दुकान बसलं पण बायकोनं घर उभं केलं, हाताला काय चव आहे. जेवताना धोंडप्पा म्हणायचे, "सूनबाई, आमटी फक्कड." आणि श्रीशैल शेजारच्याच पाटावर मान खाली घालून स्वतःचीच आमटी भुरकायचा.

गल्लीला काय माहीत होतं, काय नव्हतं, देव जाणे. एकदा शेजारच्या सुंदरबाई आणि रोहिणी बाजारातून बरोबरच आल्या. दारात लुना लावते न लावते तोच आतून शांतादेवींचा आवाज आला, "रोहिणेऽ, पोळी करपली बघ गं!" सुंदरबाईंनी रोहिणीच्या तोंडाकडं पाहिलं, तिच्या हातातल्या मेथीच्या जुड्यांकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "मी नंतर येते. माझं दूध हाय गॅसवर." नंतर आल्या, दोन तास बसल्या, जगातलं सगळं बोलल्या, तेवढं मात्र बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याचं ओझं रोहिणीला कितीतरी दिवस वाटत राहिलं. तोंडावर हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि लेक स्वप्नालीनं सातवीत 'माझे बाबा' निबंधात लिहिलं, माझे बाबा कापडाचे व्यापारी आहेत. निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. पोरीला कुणी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. पण ह्या घरात कुणालाच कुणी काही शिकवावं लागत नव्हतं.

त्या सकाळी दारात आलेल्या होत्या सुंदरबाईच, पण त्यांच्याबरोबर परळीच्या साखराबाई होत्या. परळीत त्यांच्या घरची धान्याची आडत. वय झालेलं, कपाळाला विभूतीचे पट्टे, काठी, आणि आवाज असा की काठीची गरज काय असा प्रश्न पडावा. त्यांचा नातू मेडिकलला होता, रोहिणीच्या डब्यावर.

"तूच का गं ती?" त्यांनी रोहिणीला आपादमस्तक न्याहाळलं. "नातू सुट्टीला आला की माझ्या सुनेच्या आमटीला नावं ठेवतो. अंबाजोगाईच्या मावशीची येसराची आमटी खा म्हणतो एकदा. त्याला सुया टोचायला शिकायला पाठवलंय का आमट्या चाखायला?"

शांतादेवी हसल्या. रोहिणीही हसली. तेवढ्यात श्रीशैल पुढच्या दारानं आला, चपला काढल्या, "आज ऊन लई हाय," म्हणाला आणि कोपऱ्यात पेपर उघडून बसला.

साखराबाईंच्या नातीचं लग्न होतं. येसर लागणार होतं. धान्यं, डाळी, धने, खोबरं, दगडफूल एकेक वेगळं भाजून दळायचं, आणि लग्नाच्या पंगतीला त्या पिठाची आमटी. ती बिघडली तर लोक नवरीचा शालू विसरतात, आमटी विसरत नाहीत. साखराबाईंच्या घरात रीत होती, की लग्नाच्या येसराला पहिला हात सवाष्णीचा लागायचा, आणि तोही लग्नघरात, चार बायकांसमोर.

"तो तू लावायचा," त्या म्हणाल्या. "आन् ऐक. माझा लेक इथं नर्सिंगचं कॉलेज काढायलाय. पोरींचं होस्टेल. त्यांची मेस कुणाला द्यायची ते त्यानं माझ्यावर सोडलंय. आत गडीमाणूस न्हाई पाहिजे, सैपाकघरातबी न्हाई, आईबाप पोरी ठेवायचे न्हाईत. मला बाई पाहिजे, जिच्या हाताला चव हाय. तू माझ्यासमोर भाज. मी नाकानं बघन. जमलं तर मेस तुझी. बघू हात."

तिनं हात पुढं केला. साखराबाईंनी तो पालथा-उताणा करून पाहिला. "आँ? एवढ्या डब्यांचा सैपाक, आन् एक चटका न्हाई?"

कोपऱ्यात पेपराचं पान उलटल्याचा आवाज झाला. ऐन चैत्रात श्रीशैलच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

"लई जपून करती," शांतादेवी घाईनं म्हणाल्या.

"मी जरा विचारून..." रोहिणी म्हणायला लागली, तोवर कोपऱ्यातून श्रीशैल म्हणाला, "येतील की. नक्की येतील."

साखराबाई गेल्यावर रोहिणी आत आली. तो परत शेगडीपुढं उभा होता.

"होय कावून म्हणलात?"

"मग काय म्हणायचं? मावशी, जमणार न्हाई, आमच्याकडं हे काम..." वाक्य तिथंच थांबलं. त्यानं दाराकडं पाहिलं आणि गॅस बारीक केला.

"आन् मिळाली मेस, तर? तिथं तुमाला आत येऊ द्यायचे न्हाईत."

"न्हाई तर न्हाई."

"मग तुमी काय करायचं?"

"मी हाय की. घर हाय, आप्पा हायत." मग तो हसला. "पेपर हाय."

रोहिणीला त्या हसण्याचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली. मेस म्हणजे हे सगळं संपणार होतं. बोळातल्या फेऱ्या, खोकला, पोरगी कॉलेजात गेल्यावर काय, ही रोजची टोचणी. आणि मेस म्हणजे ह्या माणसाला ह्या शेगडीपुढून उठवणं होतं. डबे चालू ठेवून मेसही चालवणं शक्य नव्हतं, दोघांनाही ते ठाऊक होतं. दुकान रेडिमेडवाल्यानं घेतलं. ही शेगडी घेणारी ती होती.

दुसऱ्या दिवसापासून डबे गेले की तो तिला शिकवायला लागला. तो हात पाठीमागं बांधून उभा राहायचा. तिला आधी वाटलं, रुबाब करतोय. मग कळलं, हात मोकळे राहिले तर तिच्या हातातलं उलथनं काढून घेतील म्हणून बांधलेत.

"डोळ्यानं बघू नगं, धने डोळ्याला फसवतेत. नाकानं बघ. आधी मातीसारखा वास येतो, पावसाळ्यात कोठीघर उघडल्यासारखा. येऊ दे. मग तो जातो. गेला की खरा वास येतो. तो आला की थांबायचं न्हाई."

"मला एकच वास येतो. करपल्याचा."

"तो त्याच्या पुढचा."

पहिल्या दिवशी धने करपले, दुसऱ्या दिवशी कच्चे राहिले, तिसऱ्या दिवशी खोबरं पेटलं. शांतादेवी उंबऱ्याबाहेर बसून पदरात तोंड लपवून हसल्या, आणि हसता हसता त्यांना खरोखरची धाप लागली. श्रीशैल चिडला नाही. कांदा जाड चिरला म्हणून जो माणूस सकाळभर पुटपुटायचा तो आता काहीच पुटपुटेना. "जमंल, जमंल," एवढंच म्हणायचा. तेच रोहिणीला सोसेना. तिला वाटायचं, त्यानं एकदा खेकसावं, म्हणावं, हे माझं हाय, ठेव ते खाली. पण तो एकेक वास, एकेक खूण तिला देत राहिला, जसं दुकान बंद करताना त्यानं फळीवरचा एकेक तागा काढून, झटकून, घडी मोडू न देता दुसऱ्या दुकानदाराच्या गड्याकडं दिला होता. तेव्हाही त्याचा चेहरा असाच होता. दिलेल्या मालात खोट निघू नये एवढीच काळजी.

हळूहळू तिला जमायला लागलं. गहू जमले, डाळ जमली, दगडफूल जमलं. धन्यांचा तेवढा नेम नव्हता.

"होऊ दे काय व्हायचं ते," ती एकदा म्हणाली. "मी जाऊन सांगते त्यांना, मला न्हाई येत."

"आन् आप्पांनी कुठं बघायचं?" तो म्हणाला.

तिनं कढई पुसायला घेतली. पण पुसता पुसता तिला कळलं, की आप्पांचं नाव पुढं केलं की दोघांची सोय होते. तिलाही लोकांना सांगायचं नव्हतं. 'बायकोनं घर उभं केलं' हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की अंगावरच्या दागिन्यासारखं झालं होतं. काढून ठेवायचं म्हटलं की मान उघडी वाटायची. आणि दुसरंही एक होतं. बाजारात कुणी म्हणालं असतं, हिचा नवरा भाकरी थापतो, तर आपल्याला कसं झालं असतं? ह्याचं उत्तर तिला माहीत होतं, म्हणून ती हा प्रश्न स्वतःला विचारत नसे.

परळीला चौघेही जीपनं गेले. स्वप्नालीची परीक्षा होती, ती सुंदरबाईंकडं राहिली. लग्नघराच्या अंगणात मांडव, आणि मांडवाच्या कापडावर थर्मल वीजकेंद्राची राख भुरभुरलेली. एक बाई सारखी परातींवरची झाकणं पुसत होती. स्वयंपाकाची मोठी खोली मांडवालाच लागून होती, मधलं दार सताड उघडं. आत बायका, बाहेर पुरुष. धोंडप्पांना लगेच खुर्ची मिळाली आणि ते सांगायला लागले, "आमची सूनबाई. सगळं तिनंच..." श्रीशैल त्यांच्या शेजारी बसला. इथं पेपर नव्हता, त्यामुळं हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

आत रोहिणीला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. तिच्यापुढं शेगडी, कढई आणि सुपात निवडून ठेवलेलं सगळं सामान. समोर साखराबाई, डोळे मिटून, काठी आडवी मांडीवर. त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून शांतादेवी. भोवती दाटीवाटीनं बायका.

गहू झाले. साखराबाईंनी डोळे न उघडता मान हलवली. बाजरी झाली, डाळ झाली. खोबरं झालं. एक बाई दुसरीला म्हणाली, "काय सफाईनं करायलीय बघ." रोहिणीनं धने टाकले.

मातीचा वास आला. कोठीघर उघडल्यासारखा. तिनं येऊ दिला. मग तो गेला की नाही तेच तिला कळेना. खोलीत अत्तर होतं, गजरे होते, घाम होता, खोबऱ्याचा वास अजून तरंगत होता. ती हलवत राहिली. आता? की अजून? साखराबाईंचं नाक किंचित वर झालं.

रोहिणीनं दारातून बाहेर पाहिलं. मांडवात पुरुष बोलत होते, धोंडप्पा बोलत होते. श्रीशैल ऐकत नव्हता. त्याची मान ताठ झाली होती, चेहरा दाराकडं वळला होता, आणि बघता बघता तो खुर्चीतून अर्धा उठला. कुणीतरी हाक मारल्यासारखा.

तिनं कढई खाली उतरवली आणि धने परातीत ओतले.

तिनं परत पाहिलं तेव्हा तो बसत होता. हळूच, इकडंतिकडं बघून, कुणी पाहिलं तर नाही ना अशा अंदाजानं. धोतर-टोपीतला एक म्हातारा त्याला काही विचारत होता आणि तो मान हलवून म्हणत होता, "काय न्हाई, काय न्हाई."

साखराबाईंनी डोळे उघडले. परातीतले चार धने चिमटीत धरून चुरडले, नाकाशी नेले.

"माझ्या सासूनंतर," त्या म्हणाल्या, "हा वास मी आज घेतला. पोरी, मेस तुझी."

बायकांचा गलका झाला. कुणी रोहिणीच्या पाठीवर थाप मारली, कुणी गाल कुरवाळला. शांतादेवींनी हात जोडून "महादेवा" म्हटलं. बाहेर धोंडप्पांपर्यंत बातमी गेली, आणि "म्हणलं नव्हतं का मी!" असा त्यांचा आवाज आत आला. रोहिणी बसून राहिली. एवढं सगळं मिळाल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. तिला एकच दिसत होतं, तो हळूच खाली बसताना.

"आता सगळं एकत्र कर, आन् नाव घे!" एक तरुण सून म्हणाली. "न्हाई, आधी नाव, मग हात घाल परातीत!" दुसरीनं टोकलं.

"नाव घे, नाव घे!" पोरींनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. "मोठ्यानं! मांडवात गेलं पाहिजे!"

रोहिणीला एक ठरलेला उखाणा पाठ होता, महादेवाच्या पिंडीचा आणि बेलाच्या पानाचा. लग्नापासून प्रत्येक ठिकाणी तोच घ्यायची. तिनं तोंड उघडलं आणि बेलाचं पान काही केल्या ओठावर येईना. समोर परातीत धने होते. ती त्यांच्याकडं बघत राहिली.

"विसरली! नवऱ्याचं नावच विसरली!" हशा झाला.

"न्हाई विसरले," रोहिणी म्हणाली. मग दाराकडं तोंड करून, डबे घेऊन आलेय म्हणून होस्टेलच्या फाटकातून हाक मारायची तेवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"धने, जिरे, खोबरं, दगडफुलाचा वास,
श्रीशैलराव रांधतात, मी खाते शाबासकीचा घास."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग जो हशा उसळला तो मांडवातही गेला. "अगं बाई, काय नाव घेतलं!" "नवऱ्याला पार चुलीपुढं बसिवलं की गं!" एक पोरगी हसून हसून दुसरीच्या अंगावर पडली. साखराबाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. काठी आपटत त्या म्हणाल्या, "लई चहाटळ हाय गं तुझी सून, शांतादेवी! लई चहाटळ!"

बाहेर पुरुषही हसत होते. धोंडप्पा हसत होते. श्रीशैलच्या पाठीवर कुणीतरी थाप मारली, "काय शेट, आज भाजी काय केली?" आणि श्रीशैलनंही, सगळे हसतायत म्हणून, हसायला सुरुवात केली.

रोहिणीला वाटलं होतं, एकदा सांगितलं की सुटू. तिनं सांगितलं होतं, भरल्या घरात, टाळ्यांच्या गजरात, आणि ते कुणाच्या कानातच शिरलं नव्हतं. आता हसून सोडून दिलं तर चालणार होतं. मेस तिचीच होती. तिला दिसलं, की आपलेही ओठ हसण्यासाठी ताणले जातायत.

शांतादेवी मात्र हसल्या नव्हत्या. त्या उघड्या दारातून लेकाकडं बघत होत्या, आणि तो सगळ्यांबरोबर हसत होता. त्यांना खोकला आला. तो कामाचा नव्हता. छाती धरून त्यांनी तो जाऊ दिला, भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, आणि धाप लागलेल्या आवाजात, पण थांबत थांबत सगळं म्हणाल्या.

"हसू नगा. नाव न्हाई घेतलं तिनं, खरं सांगितलं. आमच्या घरात सैपाक माझा ल्योक करतो."